ऐब सांगणे : गुन्हा की फर्ज?

बाजारात दोन माणसे असतात, असे आपण धरून चालतो. एक विक्रेता, दुसरा गिऱ्हाईक. सौदा त्या दोघांचा, नफा-नुकसानही त्या दोघांचेच. पण प्रत्येक बाजारात एक तिसरा माणूसही उभा असतो. त्याला काही विकायचे नसते, काही घ्यायचेही नसते. मालात काय खोट आहे, हे मात्र त्याने पाहिलेले असते. या तिसऱ्या माणसाने काय करावे? बोलावे की आपल्या वाटेने निघून जावे? तो बोलला तर ते भलाईचे काम की दुसऱ्याच्या पोटावर पाय देणे? आणि बोलल्याबद्दल त्याच्या दारात वकिलाची नोटीस येऊन पडली, तर गुन्हेगार कोणाला म्हणायचे? हा प्रश्न आज घरोघरचा झाला आहे, म्हणून त्याचा थोडा विचार करू या.

प्रश्न नवा वाटतो, पण तो फार जुना आहे. इमाम गजाली यांनी 'इह्या उलूमिद्दीन' या ग्रंथात कमाई आणि व्यापाराच्या प्रकरणात हजरत वासिला बिन असका (रजि.) या सहाबींची एक हकीकत दिली आहे. एका माणसाने तीनशे दिरहमला आपली उंटीण विकली. हजरत वासिला तिथेच उभे होते, पण त्यांचे लक्ष दुसरीकडे गेले आणि तेवढ्यात गिऱ्हाईक उंटीण घेऊन निघून गेला. लक्षात येताच ते त्याच्यामागे धावले आणि त्यांनी हाक मारून विचारले, उंटीण कशासाठी घेतली, मांसासाठी की सवारीसाठी? सवारीसाठी, असे उत्तर आले. तेव्हा त्यांनी सांगितले की तिच्या पायाला छिद्र आहे, मी स्वतः पाहिले आहे, लांबची मजल तिला झेपणार नाही. गिऱ्हाईक परत फिरला. विक्रेत्याला शंभर दिरहम कमी करावे लागले. तो हजरत वासिला यांच्यावर नाराज झाला. तुम्ही माझा सौदा बिघडवला, अशी त्याची तक्रार होती. त्यावर त्यांनी दिलेल्या उत्तराचा मतलब असा : प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हातावर आम्ही प्रत्येकाचे भले चिंतण्याची बैअत केली आहे; ऐब लपवून माल विकणे विक्रेत्याला हलाल नाही, आणि ज्याला तो ऐब ठाऊक आहे त्यालाही तो लपवणे हलाल नाही.

ओल्या धान्याची हदीस आपल्या मुलांना मदरशातच शिकवली जाते. धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतले धान्य ओले लागले आणि त्या व्यापाऱ्याला प्रेषितांनी (स.) तिथल्या तिथे खडसावले, ही हकीकत आपल्याला तोंडपाठ असते. पण तिथे जबाबदारी विक्रेत्याची आहे. हजरत वासिला यांची हकीकत त्याच्या एक पाऊल पुढे जाते. ती तिसऱ्या माणसाला सोडत नाही. ज्याला ठाऊक आहे, तोही जबाबदार आहे, असे ती सांगते.

आता उंटाच्या बाजारातून आपल्या बाजारात येऊ. १ एप्रिल २०२३ रोजी रेवंत हिमतसिंगका या तरुणाने बोर्नव्हिटाबद्दल एक छोटी चित्रफीत प्रसिद्ध केली. मुलांची वाढ आणि ताकद यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या या पावडरीत साखर किती आहे, हे त्याने सांगितले होते. ही चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली. माँडेलीझ इंडिया या मुंबईतल्या कंपनीने प्रथम जाहीर खुलासा केला. चित्रफीत अशास्त्रीय आहे, तिच्यात वस्तुस्थितीचा विपर्यास आहे, आणि वीस ग्रॅमच्या एका मापात वरून घातलेली साखर फक्त साडेसात ग्रॅम, म्हणजे सुमारे दीड चमचा असते, असे कंपनीचे म्हणणे होते. त्यानंतर १३ एप्रिल रोजी कायदेशीर नोटीस आली. तरुणाने चित्रफीत काढून टाकली आणि माफी मागितली. कोर्टकचेऱ्या करण्याची इच्छा आपल्याला नाही आणि तेवढी साधनेही आपल्याकडे नाहीत, असे त्याने स्पष्ट सांगितले.

कंपनीने केलेल्या या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या पाहिल्या पाहिजेत. खुलासा करणे हा तिचा हक्क होता. चित्रफितीत साखरेच्या आकड्याबरोबर टोमणाही होता. कंपनीच्या जिंकण्याच्या घोषवाक्याच्या जागी मधुमेहाची तयारी असे शब्द घालून तिची थट्टा केलेली होती. आकडा वेगळा आणि टोमणा वेगळा. टोमण्याला उत्तर देता येते, आकड्याचा दुसरा अर्थ लावून दाखवता येतो. खुलाशामुळे गिऱ्हाइकापुढे दोन बाजू आल्या आणि दीड चमचा साखर आपल्या मुलाला चालेल की नाही, हे ठरवणे त्याच्या हातात राहिले. नोटिशीने मात्र दोहोंपैकी एक बाजूच उचलून नेली. तिने आकडा खोटा ठरवला नाही, सांगणाऱ्याला गप्प केले. आमचा आक्षेप एवढाच आहे, पण तो लहान नाही.

पुढे काय झाले तेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच एप्रिल महिन्यात राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने कंपनीला पत्र पाठवले आणि जाहिराती, वेष्टन व लेबल यांतला दिशाभूल करणारा मजकूर मागे घेण्यास सांगितले. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने वरून घातलेली साखर सुमारे १४ टक्क्यांनी कमी केल्याचे प्रसिद्ध झाले. शंभर ग्रॅममागे ३७.४ ग्रॅम असलेले प्रमाण ३२.२ ग्रॅमवर आले. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना कळवले की अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदरात ठेवू नका, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' या शब्दाची व्याख्याच नाही. म्हणजे ज्याने तोंड उघडले त्याने माफी मागितली आणि माल मात्र सुधारला. उंटिणीचे शंभर दिरहम कमी झाले, तसेच हे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. बदनामीचा कायदा म्हटले की आपला माणूस घाबरतो. त्याला वाटते, खरे असो वा खोटे, मोठ्याविरुद्ध बोलणे हाच गुन्हा. तसे नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४९९ मध्ये बदनामीच्या व्याख्येला दहा अपवाद होते. पहिला अपवाद लोकहितासाठी सांगितलेल्या सत्याचा. दहावा अपवाद सावधगिरीच्या इशाऱ्याचा : ज्याला इशारा दिला त्याच्या भल्यासाठी किंवा लोकहितासाठी, शुद्ध हेतूने कोणी सावध केले असेल तर ती बदनामी नव्हे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या कलम ३५६ मध्येही हे अपवाद कायम आहेत. हा दहावा अपवाद वाचताना गिऱ्हाइकामागे धावणारे हजरत वासिला आमच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. इंग्रजांनी केलेल्या कायद्यात आणि आपल्या मुआमलातच्या शिकवणीत एवढा मेळ असेल, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

मग अडते कुठे? अडते ते वाटेत. अपवादाचा फायदा मिळतो तो खटल्याच्या शेवटी, आणि शेवटपर्यंत चालायला पैसा, वेळ आणि वकील लागतो. कंपनीच्या दृष्टीने वकिलाचे बिल हा धंद्याच्या खर्चातला एक आकडा. सामान्य माणसाला मात्र परगावच्या कोर्टाची एक तारीख म्हणजे एका दिवसाची रजा, गाडीभाडे आणि घरच्यांच्या जिवाला घोर. त्यामुळे खटला जिंकण्याची कंपनीला पुष्कळदा गरजच पडत नाही, धाक पुरतो.

या बाबतीत विलायतेतला एक खटला प्रसिद्ध आहे. 'लंडन ग्रीनपीस' नावाच्या एका छोट्या गटाने १९८६ साली मॅकडोनाल्ड्सवर टीका करणारे पत्रक वाटले. १९९० साली कंपनीने पाच जणांवर दावा लावला. तिघांनी माफी मागून सुटका करून घेतली. हेलन स्टील आणि डेव्ह मॉरिस हे दोघे हटले नाहीत. अशा दाव्यासाठी सरकारी कायदेशीर मदत मिळत नव्हती, म्हणून काही वकिलांचा विनामूल्य सल्ला घेऊन बहुतेक वेळ त्यांनी आपली बाजू स्वतःच मांडली. १९९४ मध्ये सुनावणी सुरू झाली आणि कोर्टात ३१३ दिवस कामकाज चालले. इंग्लंडच्या इतिहासातला हा सर्वांत लांबलेला खटला मानला जातो. जून १९९७ च्या निकालात पत्रकातले काही आरोप सिद्ध झाले नाहीत आणि दोघांना साठ हजार पौंड भरपाई सांगण्यात आली. १९९९ च्या अपिलात ती चाळीस हजारांवर आली. पण कंपनी जाहिरातींतून मुलांचा गैरफायदा घेते, काही बाबतींत जनावरांवरील क्रौर्याला ती जबाबदार आहे आणि तिथला पगार कमी आहे, हे न्यायाधीशांनी खरे धरले. पुढे फेब्रुवारी २००५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ठरवले की कायदेशीर मदत नाकारल्यामुळे या दोघांना न्याय्य सुनावणी मिळाली नाही आणि त्यांच्या भाषणस्वातंत्र्याचाही भंग झाला.

इथे आम्हाला विचार करावासा वाटतो तो त्या तिघांचा. त्यांनी माफी मागितली म्हणून पत्रकातले सगळे खोटे ठरले का? उरलेले दोघे उभे राहिले नसते, तर मुलांच्या गैरफायद्याबद्दल कोर्टाने कधीच काही म्हटले नसते, आणि जगाने तीन माफ्यांवरून पाच जणांना खोटे ठरवले असते. धाकाखाली मागितलेली माफी हा पुरावा नव्हे. आपल्या फिकहमध्येही जबरदस्तीने घेतलेल्या कबुलीला वजन नाही. अशा दाव्यांचा धोका आता आपल्या न्यायालयांनीही ओळखला आहे. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की पूर्ण सुनावणी होण्याआधीच एखादा मजकूर बंद करण्याचा आदेश सहजासहजी देऊ नये, कारण बळ असलेले पक्ष अशा दाव्यांचा उपयोग लोकांची तोंडे बंद करण्यासाठी करू शकतात.

इथवर वाचून काही वाचकांच्या मनात एक शंका नक्की आली असेल. कोणाच्या पाठीमागे त्याचा ऐब सांगणे म्हणजे गीबत, आणि गीबत तर हराम. मग मालाचा ऐब चारचौघांत सांगणे कसे चालेल? शंका रास्त आहे. पण आपल्या उलमांनी ती केव्हाच सोडवली आहे. इमाम नववी यांनी ज्या सहा प्रसंगी दुसऱ्याचा दोष सांगणे जायज ठरते ते नोंदवले आहेत. जुलमाची दाद मागणे हा त्यांतला एक आणि लोकांना नुकसानीपासून सावध करणे हा दुसरा. हदीसचे संपूर्ण शास्त्रच या पायावर उभे आहे. अमुक रावी विसराळू होता, तमुक खोटे बोलत असे, हे मुहद्दिसांनी नावानिशी लिहून ठेवले. त्याला त्यांनी गीबत मानले नाही, जरह व तादील म्हणून त्याचे शास्त्र केले. ज्या लोकांनी दीनसुद्धा तपासून घेतला, त्यांच्या वारसांनी दुधात घालायची पावडर तपासू नये?

तरी दुसरी बाजू मांडल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही, आणि ती बाजू आपल्या समाजाइतकी कोणी भोगलेली नाही. २०२० साली कोरोनाच्या काळात मुसलमान फळवाले आणि भाजीवाले यांच्याबद्दल खोट्या चित्रफिती फिरल्या. फळाला थुंकी लावतात, मुद्दाम रोग पसरवतात, असे सांगितले गेले. ठिकठिकाणी त्यांच्या गाड्या मोहल्ल्यातून हाकलल्या गेल्या. तीही मालावरची टीकाच होती. सांगणारे म्हणत होते, आम्ही लोकांना सावध करतो आहोत. आणि आपण तरी काय करतो? अमुक बिस्किटात डुकराची चरबी आहे, तमुक क्रमांकाचा घटक हराम आहे, अशा याद्या वर्षानुवर्षे आपल्या मोबाइलवर फिरत आहेत. किती जणांनी त्या तपासल्या? खबर आली तर आधी शहानिशा करा, हा सूरह हुजुरातमधला हुकूम तिथेही लागू आहे.

यातला फरक पाहा. कंपनीवर कोणी बोलले तर दोन आठवड्यांत नोटीस निघते. हातगाडीवाल्यावर कोणी खोटे बोलले तर नोटीस पाठवायला त्याच्याकडे वकील नाही, आणि माफी मागायला त्याच्या दारात कोणी येत नाही. कायदा दोघांनाही एकच आहे, पण त्याचे दार ठोठवायची ऐपत एकाकडेच आहे. म्हणून खऱ्या टीकेचा गळा दाबला जातो आणि खोट्या टीकेला मोकळे रान मिळते. सर्वसामान्य माणूस दोन्हीकडून मार खातो.

मग खरी आणि खोटी टीका ओळखायची कशी? पुन्हा हजरत वासिला यांच्याकडेच जावे लागते. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले तेवढेच सांगितले. सांगण्यापूर्वी उंटीण कशासाठी घेतली, हे विचारले; मांसासाठी घेतली असती तर पायाच्या छिद्राने काही बिघडत नव्हते. ज्याला गरज होती त्यालाच सांगितले. विक्रेत्याला चोर म्हटले नाही, त्याची जात-जमात काढली नाही, उंटिणीला छिद्राहून मोठा रोग चिकटवला नाही. आणि त्या सौद्यात त्यांचा स्वतःचा एक दिरहमही अडकलेला नव्हता. आजच्या टीकाकाराला ही मापे लावून पाहावीत. एका कंपनीकडून पैसे घेऊन दुसरीचा माल वाईट म्हणणारा तिसरा माणूस नव्हे, तो लपलेला विक्रेता आहे. ज्याचे ऐकणारे हजारो आहेत, त्याने तर आणखी जपून बोलले पाहिजे. जानेवारी २०२० मध्ये एका खोबरेल तेलावरील चित्रफितीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी हेच म्हटले होते : ज्याच्या शब्दाचा लोकांवर प्रभाव आहे, त्याला सामान्य माणसासारखे बेफिकीर बोलता येणार नाही. ते प्रकरण पुढे अपिलात गेले, पण जबाबदारीचा हा मुद्दा आम्हाला पटतो. ज्याने तपासले नाही, त्याने बोलू नये. आणि ज्याने तपासले, त्याला बोलू द्यावे.

शेवटी प्रश्न उरतो तो भीतीचा. ज्याला नोटीस आली तो घाबरला, त्याने माफी मागितली, तर त्याला भित्रा म्हणायचे का? आम्ही म्हणणार नाही. घर चालवणाऱ्या एकट्या माणसाने वर्षानुवर्षे कोर्टात उभे राहावे, अशी अपेक्षा करण्याचा हक्क आपल्याला नाही. दीनही ऐपतीपलीकडचे ओझे कोणावर टाकत नाही. पण आपल्या शरीयतमध्ये फर्जे किफाया नावाची एक गोष्ट आहे. जनाजाची नमाज काही जणांनी पढली तर सगळ्या वस्तीवरून फर्ज उतरतो. कोणीच पढली नाही तर सगळी वस्ती गुन्हेगार होते. खरा ऐब सांगणे हे आम्हाला अशाच फर्जासारखे वाटते. एकाने सांगितले तोवर आपण निर्धास्त होतो. त्याला गप्प केले गेले की त्याचा फर्ज नाहीसा होत नाही, तो आपल्या सगळ्यांच्या माथ्यावर येतो. बोर्नव्हिटाच्या बाबतीत नोटीस हरली ती यामुळेच. एक जण गप्प झाला, पण पालक, डॉक्टर आणि वर्तमानपत्रे गप्प झाली नाहीत, म्हणून आयोगाला पत्र लिहावे लागले.

शिक्षक म्हणून आमच्या वाट्याला यातला एक लहान हिस्सा येतो. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरची सक्तीची माहिती नियमाने इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असते, आणि ती बहुधा बारीक इंग्रजीतच छापलेली दिसते. उर्दू शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या आईला ती वाचता येत नाही. महिन्याच्या खर्चातून कापून तिने मुलाच्या ताकदीसाठी डबा आणलेला असतो. पालकसभेत अशी एखादी आई डबा पुढे करून विचारते, "टीचर, इस पे क्या लिखेला है?" तिच्या या प्रश्नात सगळा लेख आला. तिला कोणाची बदनामी करायची नाही, फक्त छापलेले वाचून हवे आहे.

सहावीच्या वर्गात शेकडेवारी शिकवावीच लागते. शंभर ग्रॅम पावडरीत बत्तीस ग्रॅम साखर, तर वीस ग्रॅमच्या एका मापात किती? दिवसातून दोन मापे घेतली तर किती? चहातली साखर मिळवली तर? हे गणित मुलांनी सोडवून घरी नेले, तर त्यात आपल्या पदरचा एक शब्दही नसतो. आकडा कंपनीचा आणि गुणाकार मुलाचा. डबा घ्यायचा की नाही, हे त्याच्या आईने ठरवावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाचा दर्जा, प्रमाण, शुद्धता आणि किंमत जाणून घेण्याचा हक्क तिला दिलेला आहे. पण तिच्या भाषेत वाचून दाखवणारे कोणी नसेल तर तो हक्क कागदावरच राहील.

हजरत वासिला यांच्यावर रागावलेल्या विक्रेत्याला आपला सौदा बिघडला असे वाटले. पण नीट पाहिले तर त्याचा सौदा मोडला नव्हता. उंटीण विकली गेली आणि त्याला दोनशे दिरहम मिळाले. जे शंभर गेले, ते मुळात त्याचे नव्हतेच.